लाल रेघ शंभरावर

हेडमास्तर यशवंतरावांनी मोटारगाडी घेतली, तेव्हा वांकिडीच्या पलीकडच्या त्या छोट्या गावाला मनापासून आनंद झाला. आता ही गाडी कुठंतरी बंद पडणार आणि ते आपल्याला बघायला मिळणार, हा तो आनंद. गाडी होती लँडमास्टर, भैंशाच्या एका जिनिंगवाल्या शेटजींची. यशवंतराव प्राथमिक शाळेत पाढे म्हणत होते त्या सुमाराला ती कारखान्यातून बाहेर पडली होती. शेटजींच्या नातवांना तिच्यात बसायची लाज वाटायला लागली, म्हणून शेटजींनी 'तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या घरीच ती शोभंल' असं म्हणून ती यशवंतरावांच्या गळ्यात घातली. शिकलेला माणूस अशा वाक्याला बळी पडतो, हे व्यापाऱ्याला कळतं.

खरं सांगायचं तर यशवंतरावांना गाडीचा शौक अजिबात नव्हता. त्यांना एकच गोष्ट करायची होती आणि तिला गाडीच लागत होती. बौद्धवाड्यातून गावाबाहेर पडायचा रस्ता एक, आणि तो अमृतराव पाटलांच्या दारावरून जातो. यशवंतरावांची आई पंचफुलाबाई हिनं उमेदीची सगळी वर्षं पाटलांच्या शेतात कापूस वेचला. पाटलांचं दार आलं की चपला काढून हातात घ्यायच्या, दार मागं पडलं की पुन्हा घालायच्या, असा तिचा रोजचा रस्ता होता. तहान लागली तर अंगणातल्या विहिरीपासून लांब बसून ओंजळ धरायची, आणि गडी वरून पाणी ओतणार. थोडं सांडायचं, थोडं मिळायचं.

आता हे सगळं राहिलं नव्हतं. बौद्धवाड्यात सरकारी नळ आला होता, त्यामुळं विहिरीवर कोणी जातच नव्हतं, आणि कोणी जात नव्हतं म्हणून कोणाला अडवायचाही प्रश्न नव्हता. अमृतराव पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचे, "आपल्या गावात असलं काईच नाई." पाहुणे मान डोलवायचे. एवढी सोपी समाजसुधारणा आदिलाबाद जिल्ह्यात दुसरीकडं कुठं झाली असेल असं वाटत नाही.

तर यशवंतरावांना दसऱ्याच्या सकाळी आईला पुढच्या सीटवर बसवायचं होतं, पायात चपला असताना. पाटलांच्या दारावरून गाडी न्यायची होती आणि तशीच राजुरा, चंद्रपूर करत नागपूरला, दीक्षाभूमीवर. पाटलांच्या दारात ती थांबता कामा नये, क्षणभरही नाही. बाकी वाटेत कुठंही बंद पडली तरी त्यांची हरकत नव्हती.

आणि नेमकी तिथंच तिनं पहिल्या दिवशी मान टाकली. भैंशाहून गाडी येत होती. गावात शिरेपर्यंत व्यवस्थित चालली, आणि पाटलांच्या ओट्यासमोर येताच बॉनेटखालून एवढी वाफ उसळली की ओट्यावर बसलेले अमृतराव पानाचा डबा घेऊन उठून उभे राहिले. इंजिन उकळून बंद पडलं. गडी धावले, गाडीला खांदे लावले आणि हेडमास्तर स्टिअरिंग धरून ढकलत ढकलत बौद्धवाड्यात पोचले. मागून अमृतरावांचा आवाज आला, "मास्तर, बैलं जुंपून देऊ का?" प्रेमानंच विचारलं होतं. त्या रात्री यशवंतरावांना जेवण गेलं नाही.

त्यांनी विचार केला. यशवंतराव विज्ञान शिकवायचे, त्यामुळं त्यांचा विचार नेहमी विज्ञानाच्या अंगानं जाई. गाडी उकळली, कारण ती उकळणार हे आधी कळलं नाही. कळलं नाही, कारण दाखवणारं काही नव्हतं. लँडमास्टरच्या डॅशबोर्डवरचे मूळचे काटे कधीच मेले होते. वेगाचा काटा गाडी उभी असतानाही तिला ताशी चाळीस मैलांनी पळवत होता. म्हणजे नवीन मीटर बसवले की प्रश्न मिटला. रेडिएटर गळतोय का, पंख्याचा पट्टा सैल आहे का, असल्या क्षुल्लक गोष्टी कोणी तरी पुढं बघेलच. जयवंताबाई म्हणाल्या, "गाडी दुरुस्त करा ना आदी." त्या बायको होत्या, त्यांचं म्हणणं विचारात घ्यायची पद्धत नव्हती. तरी एका मेकॅनिकनं पट्टा आवळला, गळती डागली, आणि गाडी बरी झाली. यशवंतरावांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

मीटर मिळाले हैदराबादला. तालुके जाऊन मंडलं आली होती, नवीन मंडलांच्या हेडमास्तरांना प्रशिक्षण होतं. तिथं दिवसभर तेलुगूतून 'हेडमास्टरगारू, हेडमास्टरगारू' ऐकून झाल्यावर यशवंतराव जुन्या गाड्यांच्या सुट्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारानं त्यांना आपादमस्तक पाहिलं, खिशातले पेन पाहिले, आणि स्टूल पुढं केलं.

"ये देखो साब, टेंपरेचर. हरा, पीला, लाल. लाल में गया तो रुक जाने का."

"आकडे नहीं हैं?"

"आकडे कायको साब? रंग है ना."

यशवंतरावांना तो अपमान वाटला. रंग अंगठेबहाद्दरांसाठी. आपण मोजमापावर चालणारी माणसं. दुकानदाराला गिऱ्हाईक कळलं. त्यानं आतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. "फिर ये लेलो. मिलिट्री का माल है. विलायती." गोल पितळी कड, काळी तबकडी, पांढरे आकडे. आकड्यांच्या खाली काही बारीक अक्षरं असावीत, पण ती कधीच उडून गेली होती. त्याच कपाटात समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं विमानातलं एक मीटरही होतं, आणि यशवंतरावांनी तेही बराच वेळ हातात धरून पाहिलं, हे त्यांनी घरी सांगितलं नाही.

शेवटी तीन मीटर घेतले: एक पाण्याच्या तापमानाचं, एक तेलाच्या दाबाचं, एक बॅटरीच्या करंटचं. परतीच्या बसमध्ये ते तापमानाचं मीटर मांडीवर ठेवून न्याहाळत होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आकडे नव्वदपासून सुरू होतात आणि पार अडीचशेच्या जवळ जातात. पाणी तर शंभरावर उकळतं. दुसरा एखादा असता तर इथं गोंधळला असता. यशवंतराव गोंधळले नाहीत, कारण त्यांना विज्ञान येत होतं. नव्वदच्या खाली इंजिनाला धोकाच नाही, म्हणून कंपनीनं ते आकडे छापायची तसदी घेतली नाही. आणि शंभरच्या वरचे आकडे विलायती गाड्यांचे. तिथं पाणी दाबाखाली असतं, आणि दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. आठवीच्या पुस्तकात आहे. शेजारच्या सीटवरच्या माणसालाही त्यांनी हे समजावून सांगितलं. तो तामसीला जाणारा होता आणि त्याला झोप येत होती.

मीटर बसवायला वांकिडीहून मोतीराम आला. हा लॉऱ्यांचा मिस्त्री. हातात कायम पाना, तोंडात कायम तंबाखू, आणि इंजिनाबद्दल ठाम मतं.

"गुर्जी, लॉरीले असलं काई नसते," तो म्हणाला. "आमी वासावर चालवतो. जळका वास आला का थांबायचं."

वास आल्यावर मोतीरामच्या हाताखालून किती इंजिनं भंगारात गेली हे सगळ्या मंडलाला माहीत होतं, म्हणून यशवंतराव नुसते हसले.

अंगणातच काम चाललं. डॅशबोर्डखाली मीटर धरून ठेवायला फळी पाहिजे होती. शाळेतला मोडका काळा फळा होता, त्याचा एक तुकडा यशवंतरावांनी दिला. मोतीरामनं तीन गोल भोकं पाडली. तापमानाच्या मीटरला मागून तांब्याची बारीक नळी होती आणि नळीच्या टोकाला बोंडासारखा फुगा. तो फुगा इंजिनात पाण्याच्या वाटेवर बसवायचा, की पाण्याचा ताप नळीतून काट्यापर्यंत येतो. नळी फार वाकवायची नाही, नाहीतर मेली. मोतीरामनं ती दोनदा फार वाकवली आणि दोनदा 'काई होत नाई' म्हणाला. काही झालंही नाही. तेलाच्या मीटरच्या जोडातून थेंब गळून यशवंतरावांच्या पांढऱ्या पँटवर पडला. करंटच्या मीटरची तार उलटी लागली. बॅटरी भरत असली की काटा रिकामी होतेय म्हणून सांगे.

"त्याचं काय?" यशवंतरावांनी विचारलं.

"उलटं वाचायचं गुर्जी. काई कठीण नाई."

मग यशवंतरावांनी स्वतः लाल रेघ मारायचा निर्णय घेतला. मोतीरामकडं नंबरप्लेट रंगवायचा लाल रंग होता. काडेपेटीची काडी त्यात बुडवून हेडमास्तरांनी तापमानाच्या काचेवर, बरोबर शंभराच्या आकड्यावर, सरळ आणि बारीक रेघ ओढली. विद्यार्थ्यांच्या वह्यांवर इतकी वर्षं लाल रेघा मारलेला हात तो, रेघ सुंदर आली. मोतीरामनं इंजिन भुर्रकन चालू करून बंद केलं, सगळे काटे हलताहेत असं जाहीर केलं आणि चहा पिऊन गेला.

पंचफुलाबाई दारात बसून हे सगळं पाहत होती. ती म्हणाली, "एवढे घड्याळं कायले रे यशवंता? एकावर टाइम दिसत नाई."

"घड्याळं नाई माय, मीटर हायेत. आता गाडी उकळायच्या आदी समजते. पाटलाच्या दारातून सर्रकन जाऊ, पायशील."

"सर्रकन काऊन? सर्रकन गेल्यावर कोनाले दिसन मी बसली हाव म्हनून?"

यशवंतरावांना आईची भाबडी समजूत वाटली आणि त्यांनी ती सोडून दिली.

दसऱ्याची सकाळ उजाडली. हवेत गारवा होता. बाबासाहेबांचा फोटो पुढच्या काचेखाली लागला, त्याला झेंडूचा हार. जयवंताबाईंना पेट्रोलच्या वासानं मळमळायचं, त्या घरी राहिल्या. मागच्या सीटवर नात्यातल्या दोन बाया आणि शिदोऱ्या. पंचफुलाबाई पांढरं पातळ नेसून, पायात चपला घालून पुढं बसली आणि मांडीवर पितळी कळशी घेतली. गाडीला वाटेत पाणी लागलं तर असावी म्हणून.

इंजिन चालू झालं. यशवंतरावांचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा लाल रेघेवर होता. बौद्धवाडा मागं पडला. काटा नव्वदवर झोपलेला होता, तो जरासा उठला. वळण आलं. काटा चढायला लागला. इतक्या लवकर? यशवंतरावांनी घाम पुसला. समोर पाटलांचा ओटा दिसायला लागला, ओट्यावर अमृतराव, आणि दसऱ्याचा दिवस म्हणून चार पाहुणे. काटा लाल रेघेला येऊन चिकटला.

आता काय करायचं? वास नाही, वाफ नाही, इंजिनाचा सूर एकदम साफ. मोतीराम असता तर सरळ निघून गेला असता. पण यशवंतराव मोजमापावर चालणारे. पुढं रेटावं तर इथंच वाफ उसळणार, इथंच बैलं जुंपायची गोष्ट निघणार. उकळून बंद पडण्यापेक्षा आपण होऊन थांबणं निदान मानाचं. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी पाटलांच्या दारात, अगदी ओट्याच्या समोर, उभी राहिली. इतकी वर्षं मनात बाळगलेली एकच इच्छा, आणि तिचा बंदोबस्त त्यांनी स्वतःच्या पायानं केला. त्यांना रडायला येत होतं.

"काय झालं मास्तर?" अमृतराव आनंद लपवत उठले.

"काई नाई पाटील. मीटर पाणी मागून राह्यलं."

"मंग घ्या ना पाणी. हीर हाये न अंगनात. आपलीच हाये." पाहुण्यांकडं वळून ते म्हणाले, "आपल्या गावात असलं काई..."

वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचं दार उघडलं होतं. पंचफुलाबाई कळशी घेऊन उतरली. चपला पायातच. ती ओट्याच्या बाजूनं अंगणात शिरली आणि विहिरीकडं निघाली. ती शिरल्यावरच अमृतरावांना आपण काय बोलून बसलो ते कळलं. घरातून त्यांच्या बायको प्रयागबाई जवळजवळ धावत आल्या.

"आवं पंचफुलाबाई, तुमी कायले तरास घेता? या वयात? थांबा, गडी ओतून देते न."

पूर्वी त्या नुसत्या 'पंचफुला' म्हणायच्या. गाडी आल्यापासून 'बाई' लागलं होतं.

"गड्यानं लय ओतलं, बाई," पंचफुलाबाई म्हणाली. "आता मी काढते." तिनं रहाटावरची दोरी सोडली. पोहरा खाली गेला, पाण्याचा आवाज आला. पावसाळा नुकताच सरला होता, विहीर तुडुंब होती, दोरी फारशी लागलीच नाही. ओट्यावरचे पाहुणे पानं चघळायचं विसरले. अमृतरावांना काही बोलता येईना, कारण सगळं त्यांनी आधीच बोलून ठेवलं होतं.

इकडं यशवंतरावांनी बॉनेट उघडलं. फडकं गुंडाळून, तोंड बाजूला करून, त्यांनी रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफ आली नाही. आत पाणी काठोकाठ. त्यांनी भीतभीत बोट घातलं. कोमट. या पाण्यानं आंघोळ करायला सांगितलं असतं तर आईनं ते पुन्हा चुलीवर ठेवलं असतं. शंभर! शंभर म्हणजे डॉक्टरच्या काचेच्या नळीतला शंभर. मुलाला तेवढा ताप असला तर आपण त्याला शाळेत यायला लावतो. ते मीटर फॅरनहाइटचं होतं. त्या हिशेबानं पाणी दोनशे बारावर उकळतं. दरवर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर फॅरनहाइटचं सेल्सिअस करून दाखवणारा माणूस, आणि त्याच फळ्याच्या तुकड्यावर बसवलेलं मीटर त्याला वाचता आलं नव्हतं. आपल्याला पोरांनी वेताच्या छडीनं मारावं असं त्यांना वाटलं.

पंचफुलाबाई भरलेली कळशी घेऊन आली. "घे. ओत."

यशवंतराव तिच्या कानाशी लागले. "माय, पाणी भरलेलंच हाय. माहीच चूक झाली. गाडीले काईच नाई झालं."

ती त्यांच्याकडं पाहत राहिली. मग कळशीकडं. मग तिनं कळशी तोंडाला लावली आणि उभ्याउभ्या, डोळे मिटून, घटाघटा पाणी प्यायली. हनुवटीवरून पाणी पांढऱ्या पातळावर सांडलं. ओंजळीतून सांडायचं ते वेगळं होतं.

"मास्तर, गाडीले पाणी लागत व्हतं न?" अमृतरावांनी विचारलं.

"गाडीले नाई पाटील," यशवंतराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या दारात उत्तर सुचलं होतं. "मायले तहान लागली व्हती."

नागपूरपर्यंत काटा एकशे ऐंशीवर शांत बसून होता. लाल रेघेच्या हिशेबानं गाडी राजुऱ्याच्या आधीच वितळायला हवी होती. तिनं जातायेता कुठंही त्रास दिला नाही. परत येताना यशवंतरावांनी ठरवलं, मोतीरामला बोलवायचं, ही रेघ पुसायची आणि दोनशे बारावर नवीन मारायची. चूक ती चूक, ती दुरुस्त झालीच पाहिजे.

घरी पोचले तर जयवंताबाई दारात वाट पाहत होत्या. "तुमी गेले न तिकडं," त्या म्हणाल्या, "इकडं पाटलानं हिरीवर मोटर लावली. दिवसभर उपसली. सारं पाणी रस्त्यानं वाहून राह्यलं व्हतं."

"काऊन?"

"गाळ काढाचा व्हता म्हंते."

गाळ उन्हाळ्यात काढतात, तळ दिसायला लागला की. दसऱ्याला तुडुंब भरलेल्या विहिरीचा गाळ कोणी काढत नाही. वांकिडीपासून भैंशापर्यंत कोणत्याही शेंबड्या पोराला विचारा. पंचफुलाबाईनं ऐकलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. ते तोंड पुसणं यशवंतरावांना सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मोतीराम लाल रंगाचा डबा घेऊन आला. यशवंतरावांनी त्याला चहा पाजला.

"रेघ कुटं मारू गुर्जी?"

"राहू दे," यशवंतराव म्हणाले. "जिथं हाय तिथंच बरोबर हाय."

मग बाजाराचा दिवस आला. पंचफुलाबाई पुढच्या सीटवर बसली, पायात चपला, मांडीवर कळशी. काटा नव्वदवरून उठला, वळणावर चढायला लागला आणि पाटलांच्या दारात लाल रेघेला टेकला. यशवंतरावांनी ब्रेक दाबला. ओट्यावर अमृतराव उभे राहिले.

"काय करता पाटील," यशवंतराव खिडकीतून म्हणाले, "थांबावंच लागते. मीटर सांगून राह्यलं."

पंचफुलाबाई उतरली आणि विहिरीकडं गेली. नवीन पाणी चांगलं चढलं होतं. ती सावकाश पोहरा ओढत असताना आत अमृतराव गड्याला दबक्या आवाजात मोटर आणायला सांगत होते, आणि गडी विचारत होता, "आता दर बाजाराले आणू का मालक?"